रोज चार मिनिटं आधी

माझ्या पीएच.डी.ला सातवं वर्ष लागलं तेव्हा आमच्या आसनगावात माझ्याबद्दल दोन मतं होती. एक, निचित्यांची रंजिता दरवर्षी नापास होते आणि घरचे सांगत नाहीत. दोन, ती सरकारचं काहीतरी गुप्त काम करते. तिसरं मत माझ्या आईचं होतं आणि ते ती रोज सकाळी चहाबरोबर द्यायची. जे दिसत नाही, ज्याला वास नाही, जे हाताला लागत नाही ते शोधायला सात वर्षं लागणारच, पण ते मुळात हरवलं कोणाचं, एवढं तरी सांग म्हणायची.

सांगते. आपली आकाशगंगा ज्या वेगाने फिरते, त्या वेगाने ती कधीच विखरून जायला हवी होती. जात नाही, म्हणजे न दिसणारं काहीतरी तिला धरून आहे. ते कशाचं बनलंय यावर शास्त्रज्ञांची भांडणं आहेत. आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, हलक्या कणांच्या पंथाचे. त्यांच्या मते ते कण इतके हलके आहेत की एकेक मोजण्यात अर्थच नाही, त्यांची लाट होऊन ती आपल्यातून, भिंतीतून, डोंगरातून सतत जात असते आणि जाताना अणूंना किंचित डोलवते. म्हणून आवळ्याएवढ्या काचेच्या कुपीत रुबिडियम नावाच्या धातूची वाफ भरायची आणि तिच्यावर लेझर सोडायचा. मग आतले सगळे अणू प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे एका दिशेला तोंड करून उभे राहतात. त्यांतलं कोणी डोलतं का ते बघत बसायचं, हे माझं काम.

अडचण अशी की हे अणू लोखंडानेही डोलतात. दहा पावलांवर कोणी सेफ्टी पिन लावून शिंकलं तरी माझ्या आलेखावर डोंगर उभा राहतो. विश्वाचा हेलकावा त्याच्या लाखाव्या भागाचा. म्हणजे ढोल वाजत असताना मुंगीचं पाऊल ऐकायचं, आणि वर पीएच.डी.च्या समितीला सांगायचं की ऐकू आलं.

समितीने मला तारीख दिली होती, ३० जून २००४. तोपर्यंत नव्वद दिवसांची स्वच्छ, शांत नोंद दाखवा, नाहीतर नाव कमी. त्या नोंदीत काही सापडलंच पाहिजे असं नव्हतं. ‘इतक्या बारकाईने पाहिलं, काही नाही’ हेसुद्धा आमच्या धंद्यात उत्तर असतं आणि त्यावर पदवी मिळते. फक्त शांतता हवी होती. ठाणे जिल्ह्यात शांतता, तीही नव्वद दिवस.

पहिली जागा खर्डीजवळ घेतली, मला घरून सोपी म्हणून. तिथे आठ महिने मी मोठ्या मेहनतीने रेल्वेचं वेळापत्रक मोजलं. कसाऱ्याहून गाडी सुटली की रुळांतला वीजप्रवाह जमिनीत झिरपतो आणि माझे अणू माना हलवतात. शेवटी मला घड्याळाशिवाय नुसत्या आलेखावरून गाडी लेट आहे की नाही ते सांगता येऊ लागलं. खर्डीच्या स्टेशनवर त्याचा उपयोग होता, विज्ञानाला नव्हता. मग सर म्हणाले, जिथे रेल्वेच नाही अशा जागी जा. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. प्रत्येक निवडणुकीत तिथले लोक त्याबद्दल संतापतात. त्याचा आनंद झालेली मी एकटीच असेन.

डोंगराच्या पायथ्याची आवळवाडी मिळाली. बावीस घरांची ठाकर आदिवासींची वाडी, वीज नाही, मोटार येत नाही, दोन किलोमीटर अलीकडे रस्ता संपतो. २००३ सालच्या मे महिन्यात एका टळटळीत दुपारी मी जागेचा दाखला भरायला गेले. दोनशे मीटरच्या आतल्या प्रत्येक लोखंडी वस्तूची त्यात नोंद करायची असते. एकच सापडली, एकशे चाळीस मीटरवरचा हातपंप. मी दांडा धरून चार हात मारले. आतून नुसता घशातला आवाज आला. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्येही त्याच्यापुढे ‘बंद’ लिहिलेलं होतं. मी ‘हातपंप: चालू / बंद’ यातलं ‘चालू’ खोडलं आणि सही केली. वाडीतल्या कोणाला विचारलं नाही. रजिस्टर आणि माझे स्वतःचे चार हात, आणखी पुरावा काय हवा होता?

कुपीसाठी एकही खिळा नसलेलं खोपट हवं होतं. आमच्या संशोधन संस्थेच्या इंजिनियरने त्यासाठी तांब्याचे स्क्रू, पितळी बिजागऱ्या आणि चार महिने मागितले. वाडीतल्या जगनने कारवीच्या काड्यांचा कूड बांधला, वेलाने आवळला, शेणाने सारवला आणि आठव्या दिवशी विचारलं की आता कुणाला ऱ्हावाचं हाय यात. त्यालाच मी राखणदार ठेवलं. रात्री तो खोपटापासून लांब, माळावर झोपायचा. कोयता, विळा, पहार, काही म्हणजे काहीही लोखंडाचं इकडे येता कामा नये, असं मी त्याला इतक्यांदा बजावलं की एकदा त्याने स्वतःच्या चपलेचे खिळे उपटून मला आणून दाखवले.

मी रात्री वाडीत राहत नव्हते. रस्त्याकडच्या गावात एका शिक्षिकेकडे खोली घेतली होती. सकाळी नऊला यायचं, रात्रभराची नोंद कॉम्प्युटरवर बघायची, बॅटऱ्या बदलायच्या आणि पाचला परत, असा दिनक्रम होता. पावसाळा आणि दिवाळी यंत्र जुळवण्यात गेली, नोंद डिसेंबरात सुरू झाली. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. आलेखावरची रेष इतकी सरळ की मला तिची भीती वाटायला लागली.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला ती हलली. पहाटे चार पन्नासला एक बारीक, नेमका हेलकावा सुरू झाला, मिनिटाला चाळीस-एक्केचाळीस, आणि पाऊण तासाने थांबला. दुसऱ्या दिवशी तसाच, पण चार शेहेचाळीसला. तिसऱ्या दिवशी चार बेचाळीसला. मी पेन्सिल खाली ठेवली, बाहेर जाऊन माठातलं पाणी प्यायले आणि परत येऊन बघितलं. रोज चार मिनिटं आधी.

यात एवढं काय, तर सांगते. माणूस घड्याळाने जगतो. दूधवाला सहाला येतो तो उद्याही सहालाच येतो. तारे मात्र रोज चार मिनिटं आधी उगवतात, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही थोडी पुढे सरकलेली असते. तेव्हा पृथ्वीवरची भानगड असेल तर ती रोज त्याच वेळी दिसेल, आणि आकाशगंगेतून येणारं काही असेल तर रोज चार मिनिटं आधी. जगभरात हे काम करणारे लोक याच चार मिनिटांची वाट बघत म्हातारे होतात.

मी रस्त्याकडच्या गावातल्या एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. सर म्हणाले, कोणाला सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तिघांना सांगितलं. आठवड्याभरात त्यांनी त्या चाळीस हेलकाव्यांवरून कणाचं वजन काढलं आणि दशांश चिन्हानंतर किती शून्यं येतात ते मला फोनवर वाचून दाखवलं. परदेशातल्या एका परिषदेला सारांशही पाठवून दिला. माझं नाव त्यात पहिलं होतं. खोटं कशाला बोलू, मी त्या रात्री झोपले नाही. आईला काय सांगायचं तेही ठरवून टाकलं.

आणि मग शिमगा आला. मार्चच्या सहा तारखेला होळी. सात तारखेच्या पहाटेची रेष सरळ होती. एक हेलकावा नाही. आठ तारखेला पुन्हा सगळं जागेवर, ठरल्या हिशोबाने आठ मिनिटं आधी.

मी त्या सरळ रेषेकडे बघत बसले. अब्जावधी वर्षं वाहणारी लाट होळीची सुट्टी घेत नाही. सरांना सांगितलं तर ते चिडले. बॅटरी उतरली असेल म्हणाले. मी म्हटलं, बॅटरी ठीक आहे. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. ते म्हणाले, “रंजिता, असा कोणता माणूस आहे जो रोज न चुकता चार मिनिटं आधी उठतो?”

मी हातातल्या घड्याळाकडे बघितलं. आमच्या घरात तरी तसं कोणी नव्हतं. आमच्या घरात सगळे गाडीच्या वेळेने उठतात, आणि गाडी काही झालं तरी आधी येत नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा जगनच्या घरी राहिले. अडीचच्या सुमाराला उठून, कानातले डूल, पट्टा, घड्याळ सगळं काढून ठेवून बाहेर आले. चांदणं स्वच्छ होतं. हातपंपाभोवती वाडीतल्या बाया हंडे घेऊन बसल्या होत्या. वीस-बावीस जणी, कोणी बोलत नव्हतं, दांड्याला कोणाचा हात नव्हता. सगळ्या समोरच्या डोंगराकडे बघत होत्या. मला वाटलं कोणी वारलं.

पुढे बसली होती ती बुधी. पन्नाशी ओलांडलेली, काटक, वाडीत तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. तिची सून ठमी शेजारी. मी हळूच विचारलं कशाची वाट बघताय. ठमीने बोट केलं. डोंगराच्या वर आकाशातला विंचू निम्मा वर आला होता, शेपटी अजून कड्यामागे होती.

“नांगी सुटली का मग हात लावाचा,” बुधी म्हणाली. “त्याच्या आदी नाय.”

नांगी सुटली. बुधी उठली, पदर खोचला आणि दांडा धरला. पहिले शंभरएक हात कोरडेच गेले, नुसता घशातला आवाज, मी मे महिन्यात चार हात मारून ऐकला होता तोच. मग पाणी वर आलं. त्यानंतर ठमी, मग पुढची, मग त्याच्या पुढची. बुधी बाजूला उभी राहून मोठ्याने मोजत होती आणि तिच्या मोजण्याच्या ठेक्यावर सगळ्यांचे हात चालत होते. एका हंड्याला चाळीस हात, एक मिनिट. एक्केचाळिसावा कोणी मारत नव्हतं.

आमच्या सरांनी विश्वातल्या अदृश्य कणाचं जे वजन काढलं होतं, ते बुधीच्या मोजण्यावरून काढलं होतं.

मी तिथेच मातीत बसले. बुधीने मला सगळं समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. जानेवारीपर्यंत ओहोळाला पाणी असतं, तेव्हा बोरिंगला, म्हणजे या पंपाला, कोणी विचारत नाही. ओहोळ आटला की मग बोरिंग. पण तिच्यात पाणी थोडं, उपसलं की एक दिवस-रात्र झिरपत राहावं लागतं तेव्हा पुन्हा घरटी दोन हंडे मिळतात. पूर्वी जी आधी येईल ती भरून न्यायची, मग तिच्याही आधी दुसरी यायची, डोकी फुटली. तेव्हा सगळ्यांनी बसून ठरवलं. घड्याळ दोन घरांत, त्यातलं एक बंद आणि दुसरं पुढे. चांदणी सगळ्यांची एकच. मागच्या वेळी नांगी सुटल्यापासून आज नांगी सुटेपर्यंत पाणी झिरपणार, रोज सारखंच, म्हणजे कोणाचं कमी नाही, जास्त नाही. होळीच्या रात्री सगळी वाडी नाचत होती म्हणून पाणी संध्याकाळीच काढून घेतलं होतं. त्या संध्याकाळच्या नोंदीतला गोंधळ मी होळीचाच समजून सोडून दिला होता.

सकाळी मी जगनला धारेवर धरलं. रोज पहाटे त्याच्या डोळ्यांदेखत मणभर लोखंड वरखाली होतं आणि तो मला सांगत नाही. जगन शांतपणे म्हणाला, “तुमी सांगितला लोखंड इकडं येवाला नाय पायजे. बोरिंग कुठं आली? ती हाय तितंच हाय.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर आकाशगंगेला वळसा घालून आले होते.

सर जीप घेऊन आले. जीप दोन किलोमीटर अलीकडे ठेवून, उन्हात चालत, घामाघूम. आधी त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. मग दुसऱ्या पहाटे स्वतः बाजूला उभे राहून बघितलं. परिषदेचा सारांश मागे घ्यावा लागणार होता आणि निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती. मला त्यांची दया आली. तासभरानंतर गेली.

कारण तासाभरात सर सावरले आणि त्यांना मार्ग सापडला. मार्चअखेर ते जून, बरोबर नव्वद दिवस शिल्लक होते. पंप हलला नाही तर नोंद शांत, माझी पदवी नक्की. आणि पंप तर कागदावर बंदच आहे, तोही माझ्या सहीने. बंद पंपाचा दांडा आणि आतल्या सळया काढून न्यायला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसला एक पत्र पुरतं. सहा वर्षं दुरुस्तीला न आलेले लोक काढून न्यायला मात्र आठवड्यात येतात, हे मलाही माहीत होतं. सर म्हणाले त्या लोकांना टँकर देऊ. मग त्यांच्याच लक्षात आलं की टँकर लोखंडाचा असतो. मग म्हणाले, “घरटी दोन हंडे तर आहेत, रंजिता. नदी आहे ना.”

आधी पंपच कारण आहे हे पक्कं करायला हवं होतं. त्यासाठी तीन दिवस पंप बंद ठेवून बघणं भाग होतं, आणि ते मागायला मीच बुधीकडे गेले. माझ्या यंत्राला त्रास होतो, तीन दिवस थांबाल का, एवढंच मी विचारलं. बुधीने बायांकडे बघितलं, बायांनी एकमेकींकडे. तीन दिवस म्हणजे तीनच ना, असं ठमीने विचारलं आणि त्या हो म्हणाल्या.

ते तीन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. सात वर्षांत असं काही बघितलं नव्हतं. रेष अशी पसरली होती की तिच्यावर काहीही, अगदी काहीही उमटलं असतं तरी मला दिसलं असतं. मला हेच हवं होतं. नव्वद दिवस हे, आणि मी डॉक्टर. मी त्या पडद्यासमोरून हलत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र ठमी नदीवर निघालेली दिसली आणि मी तिच्याबरोबर गेले. का गेले ते धड सांगता येणार नाही. मन खात होतं म्हणा. नदी म्हणजे वाळूत खणलेला खड्डा, त्यात बुडाशी जमलेलं गढूळ पाणी वाटीने भरून हंड्यात ओतायचं. जायला पाऊण तास, भरायला तेवढाच आणि परत येताना चढ. मी एक कळशी डोक्यावर घेतली. पहिल्या चढावरच निम्मी माझ्या अंगावर सांडली. ठमीच्या डोक्यावर दोन हंडे होते आणि ती माझ्यासाठी थांबत थांबत चालत होती, त्याचीच मला जास्त चीड आली. स्वतःचीच.

वाडी दिसायला लागल्यावर तिने विचारलं, “तुमचा सापडला का मंग, बाय?”

मी म्हटलं, नाही.

“मंग अजून किती दीस थांबावाचा?”

नव्वद दिवस हे शब्द माझ्या ओठांवर आले आणि मी ते गिळले. म्हटलं, नाही, झालं, उद्यापासून मारा पंप. ती हसली, हंडे सावरले आणि पुढे गेली.

त्या संध्याकाळी मी जागेचा दाखला नव्याने भरला. ‘हातपंप: चालू / बंद’ यातलं या वेळी ‘बंद’ खोडलं. वापराच्या वेळेचा एक रकाना होता, तिथे काय लिहायचं ते कळेना, म्हणून विंचवाची नांगी डोंगरावर आल्यापासून पाऊण तास असं लिहिलं. एक प्रत सरांना, एक पाणीपुरवठ्याच्या ऑफिसला, एक ग्रामपंचायतीला. पोस्टाच्या पेटीत पाकिटं टाकली आणि रडले. मोठेपणा वगैरे काही वाटत नव्हता. सात वर्षं गेली, एवढंच वाटत होतं, आणि तीही एका दांड्यापायी.

सर फोनवर जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, जूनपर्यंत तिथेच बस आणि सामान बांधून परत ये.

पण खरा वैताग पुढेच होता. सरकारी कामाची रीत अशी की बंद पंप दुरुस्त करत नाहीत, कारण तो बंद असतो. दुरुस्तीच्या यादीत फक्त चालू पंप घेतात. आवळवाडीचा पंप सहा वर्षं बंद लिहिलेला, म्हणून सहा वर्षं त्याच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. माझा दाखला पोचला आणि संस्थेच्या शिक्क्यानिशी पंप कागदावर चालू झाला. मेच्या पहिल्या आठवड्यात चार माणसं आली, पाइप उपसले, फुटलेला तुकडा बदलला, आणखी दोन पाइप खाली सोडले आणि पाणी लागलं. भरपूर. दुपारीसुद्धा.

मग काय विचारता. सकाळी पंप, दुपारी पंप, गुरांना पाणी, पोरांच्या अंघोळी, जगनच्या बायकोने तर भेंडी लावली. माझ्या आलेखावर रेष अशी उरलीच नाही, नुसतं काळं झालं. बोरिंगच्या पाण्याचा पहिला हंडा त्यांनी मानाने माझ्याकडे आणून ठेवला. मी गोड मानून प्यायले. पाणी खरंच चांगलं होतं.

मी सामान बांधायला घेतलं. लेझर खोक्यात ठेवत होते तेव्हा बुधी आणि ठमी आल्या. जगनने त्यांना सांगितलं होतं की बोरिंगपायी बाईंचं यंत्र परत निघालं. मला वाटलं, निरोप द्यायला आल्या. बुधी रागावून आली होती.

तिने विचारलं हे खरं का. मी म्हटलं, खरं. तिने विचारलं, मला किती दिवस हवे होते. आता लपवण्यात अर्थ नव्हता, मी म्हटलं, नव्वद. मग सांगितलं का नाही, ती म्हणाली. मी म्हटलं, कसं सांगणार, नव्वद दिवस तुम्ही नदीवर गेला असता का?

“नसताव गेलो,” बुधी म्हणाली. “तवा नसताव गेलो. पन तुमी इचारलाच नाय. तीन दीस मागितलेत, तीन दीस दिलाव. मंग तुमी गप, आमी गप. आता पानी हाय. रातीची कोन बोरिंग मारतो आता? दिवा लागला का बंद, उजाडला का चालू. तवर तुमी तुमचा बघा.”

ठमी म्हणाली की पावसाळ्यात तर कोणी दिवसासुद्धा हात लावत नाही, ओहोळ असतोच, जानेवारीपर्यंत. हे मला माहीत होतं. डिसेंबर-जानेवारीतली ती सरळ रेष मीच तर बघत बसले होते. सात वर्षं शिकलेल्या मला ते दोन धागे जोडता आले नव्हते. मी दाखला भरला, पुन्हा भरला, सरांशी भांडले, समितीला मनात शिव्या दिल्या, आणि या सगळ्यात ज्यांच्या हातात दांडा होता त्यांना एक सरळ प्रश्न विचारायचं मला सुचलं नाही. या वेळी राग काढायला दुसरं कोणी नव्हतं.

लेझर पुन्हा बाहेर काढला. त्या दिवशी दिवे लागल्यावर पंपाचा आवाज थांबला आणि पडद्यावरची काळी पट्टी बारीक होत होत रेष झाली. सकाळी सहापर्यंत ती तशीच होती. दुसऱ्या रात्रीही, आणि तिसऱ्या.

आठ रात्रींची नोंद घेऊन मी एसटीडी बूथवर गेले आणि सरांना फोन लावला. सर आधी तुटकपणे बोलले, मग त्यांनी आकडे पुन्हा वाचायला सांगितले, मग पेन शोधलं. नुसत्या रात्री धरल्या तर दुप्पट काळ लागेल, म्हणाले. म्हणजे नोव्हेंबर, फार तर डिसेंबर. समितीकडे ते स्वतः जातील, पण तिथे नुसत्या शब्दावर कोणी तारीख बदलणार नाही. एवढ्या सगळ्या रात्री पंप बंद राहील हे कोणीतरी ठाम सांगायला हवं. दाखल्यावर तसं लिहून मी सही करू शकेन का, असं त्यांनी विचारलं.

बूथच्या पोराकडून मी कागद मागून घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि मग परत लावलं.

“सर, थांबा,” मी म्हटलं. “बुधीला विचारून सांगते.”